तात्या, आज पलटण संपतदादाला दिली

प्रिय तात्या,

प्रिय लिहिताना लाज वाटाय लागलीया. तुमाला तोंडावर मी कवा धड हाक मारली न्हाई, आन आता एकदम प्रिय! पण काकी म्हणल्या, पत्र असंच सुरू करत्यात, लिही. तुमच्याच घरी, तुमच्याच खोलीत खिडकीपाशी बसलेय. काकी सोप्यात शेंगा फोडत बसल्यात आन मधनंच इचारत्यात, झालं का गं?

लिहायचं कारण असं, की आज सकाळी मी कमांड दिली. तुमची गायरानातली पोरांची पलटण आता संपतदादाकडं हाय. परेड झाली की तुमी माझ्याकडं बघून एवढंच म्हणायचा, "रिपोर्ट?" आज कुणी म्हणलं न्हाई. मला सांगितल्याबगर करमंना, म्हणून लिहितेय. तुमाला हे दुसऱ्या कुणाकडनं कळायला नको.

तात्या, मी तुमच्याकडं पयल्यांदा आले तो दिवस तुमाला आठवत हुता का? मी नववीत शाळा सोडली हुती. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, पप्पा कुपवाडला कारखान्यात, घरात माणूस पायजे हुतं. आई बरी झाली तरी मी परत गेले न्हाई. वर्गात कुणी माझं नाव घेतलं तरी तळपायाला घाम यायचा, तिथं परत कोण जाणार? तवा माझा चुलतभाऊ विशाल भरतीसाठी रोज सकाळी गायरानात तुमच्याकडं पळायला यायचा. आईनं मला बी त्याच्या मागनं धाडलं. म्हणली, घरात बसून बसून वाळून जाशील, जा, चार फेऱ्या मारून ये.

तुमी रिटायर सुबेदार. ढगळी हाफ पँट, डोक्याला मफलर, हातात वेताची छडी. मला बघूनच पळून जावंसं वाटलं. तुमी सगळ्यांना वळीनं उभं केलं आन आकडे म्हणाय लावलं. माझी बारी आली. तोंड उघडलं, आवाज न्हाई. पोरं फिसकन हसली. विशालनं तर मानच खाली घातली.

तुमी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. माझ्या शेजारच्या पोरीला म्हणला, "हं, फुडं." तिनं माझा आकडा सोडून त्याच्या फुडचा म्हणला, आन तुमी मान हलवली. म्हंजे माझा आकडा तुमी मोजला हुता. मी बोललेच हाय असं धरून. शाळेत मला कुणी असं मोजलं न्हवतं. तुमाला म्हायती न्हाई तात्या, पण मी दुसऱ्या दिवशी आले ती त्या एका "फुडं"साठी.

त्याचं आभार मानायचं राहून गेलं. आज मानते.

आमची पळापळ झाली की तुमी बांधावर बसून फौजेतलं सांगायचा. मला सगळ्यात आवडायचं ते तुमच्या पलटणीतला कमांडिंग साहेब बदलला तवाचं. तुमी तवा नवे जवान. सगळी पलटण मैदानात उभी. जुना साहेब नव्या साहेबाच्या हातात छडी देतो, सलाम करतो, हात मिळवतो. झालं, एवढ्यात संपतं. मंग जुन्या साहेबाला जीपमधी बसवायचं, जीपला दोरखंड बांधायचं आन जवानांनी ती गेटपतुर वढत न्यायची. इंजन बंद. तुमी बी दोर धरला हुता. आन जुना साहेब त्याच दिवशी तिथनं निघून जायचा. नव्याच्या पायात पाय नको म्हणून.

विशालनं इचारलं, "तात्या, साहेब रडला का वो?" तुमी म्हणला, "मी मागनं ढकलत न्हवतो, म्होरं वढत हुतो. मला त्याचं तोंड कसं दिसंल, गाढवा?"

मंग तुमाला दम लागाय लागला. साताऱ्याच्या डॉक्टरनं सकाळचं थंडीत जायचं बंद केलं. आमाला वाटलं, आता पलटण मोडली. तर तुमी एका सकाळी कांबळं पांघरून आला आन म्हणला, येत्या रविवारी कमांड बदलायची. नवी कमांडर आश्विनी.

मला वाटलं दुसरी कोण आश्विनी हाय. सगळी पोरं विशालकडं बघाय लागली. त्याचा आवाज तुमाला म्हायतीच हाय. इकडनं हाक मारली की कॅनॉलपलीकडची म्हस वळून बघायची. त्याला राग आला न्हाई, त्याला खरंच काय कळंना. तो म्हणला, "तात्या, ही घरात भाकरी मागताना आवाज काढत न्हाई. हिचा हुकूम ऐकणार कोण?"

तुमी म्हणला, "मी ऐकणार."

आन मंग तुमी तुमची नवी रीत सांगितली. फौजेत जुना साहेब जीपमधनं निघून जातो. मला कुठं जायचं? माझं घर इथंच, देवळामागं. म्हणून मी छडी दिली की मागच्या वळीत डाव्या टोकाला जाऊन उभा राहणार, आन नव्या कमांडरचा पयला हुकूम मी सगळ्यांबरोबर पाळणार. फुडं बी जो कोण कमांड दील त्यानं असंच करायचं.

आवं तात्या, मला एकदा इचारायचं तरी! मी आठवडाभर जेवले न्हाई. आईला सांगितलं, मला ताप हाय म्हणून सांग. आईनं माझ्या कपाळाला हात लावला आन म्हणली, न्हाई ताप.

त्या रविवारचं मी कवाच कुणाला नीट सांगितलं न्हाई. काकी म्हणत्यात लिही, त्येंनाच तर सांगायचंय. तर लिहिते.

गायरान झाडून पांढऱ्या फक्कीनं रेघा मारल्या हुत्या. काकींनी तुमचा कोट इस्त्री केला हुता, त्यावर मेडलं. पोरांचे आईबाप आले हुते. पप्पा कुपवाडवरनं पाळी बदलून गाडीवर आले आन लिंबाच्या झाडामागं उभे राहिले, मला दिसू नये म्हणून. मला दिसले. तुमी माझ्या हातात छडी दिली. मला सलाम केला. मला! मंग गुडघे सांभाळत सगळ्या पलटणीला वळसा घालून मागच्या वळीत डाव्या टोकाला जाऊन ताठ उभे राहिला.

मी म्होरं एकटी. पाठीमागं नामूआप्पाचं रान, त्यात कालच कांद्याची रोपं लावलेली, सकाळीच पाणी सोडलेलं.

सावधान म्हणले. कसंबसं निघालं. सगळी गप हुती म्हणून ऐकू गेलं. आता आधी "दाहिने मूड" म्हणायचं, पोरं वळली की मंग "तेज चल." किती येळा पाठ केलेलं! पण "दाहिने मूड" कुठं गेलं कुणास ठावं. एकदम "तेज चल"च निघालं.

पलटण चालाय लागली. सरळ. माझ्याच अंगावर.

माझ्या दोन्ही बाजूनं वळी निघून गेल्या. मला "थम" म्हणायचं हुतं, पण ते गळ्यात अडकून बसलं. आन तुमीच शिकवलेलं, थम आल्याबगर पाय थांबवायचा न्हाई. म्हणून कुणी थांबंना. पयली वळ बांधावरनं कांद्यात. दुसरी कांद्यात. विशाल हसत हसत चिखलात पाय आपटतोय. तिकडनं नामूआप्पा खोरं घेऊन पळत आले, आरं माझी रोपं, आरं माझी रोपं करत. आन सगळ्यात मागनं तुमी, इस्त्रीच्या कोटात, हात खांद्यापतुर हलवत, बांध चढला आन उतरला.

तवा मी पळत सुटले आन वरडले. थम!

आवाज मलाच वळखू आला न्हाई. पप्पा नंतर म्हणले, मला वाटलं दुसरंच कोण वरडलं.

सगळी थांबली, आन मंग सगळ्यांनी वळ मोडली. हसत, एकमेकांना धरत पोरं बांधावर चढली. रानात तुमी एकटेच राहिला. चिखल घोट्याच्या वर. नजर समोर. विशाल म्हणला, "आवं तात्या, या की भाईर, पाय रुततोय."

तुमी म्हणला, "हुकूम कुठाय?"

तात्या, तुमी तवा माझ्याकडं बघितलं असतं तर मी तिथंच रडले असते. तुमी बघितलं न्हाई. समोर आप्पांच्या विहिरीकडं बघत राहिला. हसणाऱ्या पोरांनी बांधावरच पाय जुळवले. मी "पीछे मूड" म्हणले. तुमी त्या चिखलात वळला, एक बूट आतच राहिला. तुमाला हात द्यायला कुणी म्होरं झालं न्हाई, मी बी न्हाई, कारण हुकूम चालू हुता. मंग "तेज चल" म्हणले, आन तुमी एका पायात बूट आन एका पायात मोजा असे चालत भाईर आला. बांधाच्या अलीकडं मी येळेवर "थम" म्हणले.

नामूआप्पा म्हणले, "सुबेदार, तुमी बी या पोरांत?"

तुमी म्हणला, "आप्पा, कमांड तिची हाय. काय बोलायचं ते तिला बोला."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता शिव्या. पण ते कमांडरशी बोलावं तसं बोलले, "उद्या सकाळी समदी रोपं परत लावून पायजेत." मी म्हणले, व्हय आप्पा, लावतो. एवढं मोठ्यानं मी गावात कुणाशी पयल्यांदाच बोलले असंन.

मंग तुमी दगडावर बसून मोजा पिळला. मी तुमच्याजवळ उभी. तुमी खालनंच म्हणला, "लय मोठ्या मोठ्या साहेबांनी मला याच्याहून वाईट जागी नेऊन उभा केलाय. तू निदान भाईर तरी काढलंस." आन मंग, "रिपोर्ट?"

दुसऱ्या दिवशी आमी सगळी रोपं लावली. एक वळ लावायला, एक वळ रोपं आणून द्यायला, एक वळ मातीनं दाबायला. आप्पा म्हणले, बायकांनी लावल्यापेक्षा सरळ आलीया. तुमी बांधावर बसला हुता, तोंड मिटून.

त्या दिवसापासनं एक "रिपोर्ट?" सोडलं तर तुमचं तोंड मिटलं ते मिटलंच. मी चुकायची, तुमी गप. मला राग यायचा तुमचा. म्हणायची, ह्येंनी एकदा तरी सांगावं की, असं न्हवं, तसं कर. तुमी ऊन पडलं की यायचा, बांधावर बसून तिकडं डोंगरावरच्या पवनचक्क्या बघत राहायचा. मला वाटायचं, तुमाला आता आमच्यात रस राहिला न्हाई.

तुमी गेल्यावर काकींनी सांगितलं. म्हणल्या, कुठला रस गेलाय! रोज घरी येऊन चहाच्या कपासंगं माझं डोकं खायचे. आज पोरांना उन्हात लय उभं केलं. आज बारक्या पोराचा पाय दुखत हुता, हिला दिसलं न्हाई. आज मातूर पोरगीनं बरोबर येळेला दम दिला. काकी म्हणायच्या, मंग तिला सांगा की. तर तुमी म्हणायचा, "तिला कमांड दिलीया. उसनी न्हाई दिली."

मलाच का दिली, ते तुमी कवा सांगितलं न्हाई. ते बी काकींनीच सांगितलं. तुमी म्हणला हुता म्हणं, बाकीची सगळी माझ्याकडं बघत्यात, ही पोरगी पोरांच्याकडं बघती. एवढंच व्हय तात्या? मी तर लाजून तुमच्याकडं बघत नसायची!

साताऱ्याच्या दवाखान्यात मी काकींबरोबर एस्टीनं आले हुते. तुमच्या नाकाला नळी. मला बघितल्यावर नळीतनंच म्हणला, "रिपोर्ट?" मी खाटंजवळ सावधान झाले आन दिला, विशाल भरती होऊन ट्रेनिंगला गेला, पलटणीतल्या ईश्वरीचं पळायचं टायमिंग सुधारलं, आप्पांनी पोरांना गूळशेंगा दिल्या. एवढ्या मोठ्यानं दिला की नर्स येऊन रागावली, हा वॉर्ड हाय, मैदान न्हाई. तुमी हसला आन खोकत राहिला, मंग ती नर्स आणखी रागावली.

मंग तुमी ते म्हणला, जे मला नको हुतं. एक दिवस तुझ्यापेक्षा जास्त जाणणारा कोणतरी यील. त्याला दे. धरून बसू नको.

तुमाला एक सांगू? मला तुमचा लय राग आला. आत्ता कुठं आवाज फुटला, आत्ता कुठं पोरं ऐकाय लागली, आन तुमी म्हणताय देऊन टाक! येताना एस्टीत मी काकींशी बोलले न्हाई. त्याच आठवड्यात तुमी गेला.

तुमाला नेलं तवा सगळी पलटण तीन वळीत उभी हुती. रिटायर फौजी आले हुते, त्येंनी सलाम दिला, आमी बी दिला. विशाल ट्रेनिंगमधी, त्याला सुट्टी मिळाली न्हाई, तो फोनवर लहान पोरागत रडला. त्या दिवशी मागच्या वळीत डाव्या टोकाला कुणीच उभं राहिलं न्हाई. मी सांगितलं न्हवतं. त्याच्यानंतर बी कुणी तिथं उभं राहिलं न्हाई. वळ लावली की तेवढी जागा मोकळी.

आन मंग दिवाळीनंतर संपतदादा रिटायर होऊन गावात आला. हवालदार. फौजेत नव्या भरतीच्या पोरांना, रंगरूटांना शिकवायलाच हुता. पयल्या दिवशी तो नुसता रस्त्यावर उभा राहून बघत हुता. दुसऱ्या दिवशी त्यानं एका पोराला जवळ बोलवून पळताना हात कुठं ठेवायचा ते दाखवलं. ते पोरगं त्याच सकाळी, सगळ्यात जोरात पळणाऱ्या ईश्वरीच्या म्होरं गेलं. मी वर्षभर त्याला पळ पळ म्हणत हुते, मला ते हाताचं म्हायतीच न्हवतं.

गोळा कसा फेकायचा मला येत न्हाई. लांब उडीत पाय कुठं टाकायचा येत न्हाई. मी दहावी बी न्हाई, मला भरतीला जायचं न्हाई, पण त्या पोरांना जायचंय. संपतदादानं पलटण मागितली असती तर मी दिली नसती, भांडले असते. त्यानं मागितलीच न्हाई. तिथंच माझी पंचाईत झाली. मनाला लय समजावलं. मंग मीच त्याच्या घरी गेले. तो दाढी करत हुता, तोंडाला फेस. मी दारात उभी राहून म्हणले, "दादा, पलटण तुमी घ्या."

तो म्हणला, "अगं, तुझं चाललंय की चांगलं."

मी म्हणले, "चांगलं चाललंय म्हणूनच देतेय."

हे मला कुठनं सुचलं तात्या? मी असलं बोलणारी हाय का?

आज सकाळी कमांड बदलली. फक्कीच्या रेघा मारल्या. काकी पयल्यांदा गायरानात आल्या, खुर्चीवर बसल्या. मी पलटणीला सावधान केलं, छडी संपतदादाच्या हातात दिली, सलाम केला. मंग तो हळूच म्हणला, "काकींशेजारी तुला बी खुर्ची टाकलीया. जा, बस."

आन मी म्हणले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "न्हाई दादा. माझी जागा मागं हाय. तुमचा पयला हुकूम मी पाळायचा असतो."

त्याला ही रीत म्हायती न्हवती. त्यानं काकींकडं बघितलं. काकींनी मान हलवली. मी पलटणीला वळसा घालून मागच्या वळीत डाव्या टोकाला, तुमच्या जागी जाऊन उभी राहिले. सावधानमधी डोळं पुसता येत न्हाईत.

तात्या, तिथनं सगळ्यांच्या पाठी दिसत्यात! तुमी मला हे का सांगितलं न्हाई? इतके दिवस म्होरं उभं राहून मी पोरांची तोंडं बघितली. मागनं माना दिसल्या, उन्हानं काळ्या पडलेल्या. ईश्वरी घाबरली की तिचा उजवा खांदा वर जातो, ते आज दिसलं. एकाच्या शर्टाची पाठीवरची शिवण उसवलेली, तो म्होरनं किती टापटीप दिसायचा! आन सगळ्यांच्या पलीकडं, लांब, नवा कमांडर, बारका दिसणारा, तोंड उघडायच्या बेतात. तुमाला त्या दिवशी मी अशीच दिसले का? भ्या वाटलं का माझं? का हसू आलं?

संपतदादाचा हुकूम खणखणीत आला. दाहिने मूड. मी वळले. तेज चल. मी चालले. मला वाटलं हुतं लय दुखंल. दुखलं, न्हाई असं न्हाई. पण चालताना एक कळलं. तुमी त्या दिवशी माझ्यासाठी चिखलात गेला असं मी समजत हुते. तसं न्हवतं. तुमी कमांड दिली हुती, म्हणून गेला. खरोखरची दिली हुती. मला आजवर कुणी एवढं खरं काय दिलं न्हवतं तात्या.

आता एक वचन देते. तुमी गायरानाला उजव्या हातानं फेरा घालाय लावायचा. संपतदादानं आज पयल्याच दिवशी डाव्या हातानं घालाय लावला. माझे पाय सवयीनं उजवीकडं निघाले, मागची दोन पोरं येऊन धडकली. तोंडावर आलं हुतं, दादा, तात्या असं करत न्हवते. गिळलं. हे मी त्याला कवाच म्हणणार न्हाई. तो चुकला तरी न्हाई, मला बरोबर काय ते म्हायती असलं तरी न्हाई. आपणहून त्यानं इचारलं तर सांगंन. लय जड जाणार हाय, पण तुमाला जमलं तर मला बी जमंल.

काकींना मातूर सगळं सांगणार. आत्ताच त्येंना इचारलं, परेड झाली की रोज तुमच्याकडं येऊन बडबड करू का? त्या म्हणल्या, "ये की. मला तरी आता सकाळी कोण सांगतंय?" आन चहा ठेवायला उठल्या.

तुमच्या पलटणीतली,
मागची वळ, डावं टोक,
आश्विनी